खोलीत उरलेलं

विम्याच्या सर्व्हेअरला लोक आधी रडून दाखवतात. या म्हातारीने पायपुसणं दाखवलं.

"आई, खोलीची राख झालीय. आता कसले पाय पुसायचे?" सून पुटपुटली.

"राख आपली आहे. त्याच्या बुटांची माती आपली नाही."

मुकाट्याने पाय पुसून तो आत गेला. जळली होती मागची खोली, म्हातारीच्या नवऱ्याची. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं, आग मात्र गेल्या आठवड्यातली. पंख्याची पाती खाली वाकली होती, वायरी वितळून भिंतीवर ओघळल्या होत्या. त्याने फोटो काढले, टेपने मापं घेतली, गिलावा ठोकून पाहिला. संशय घ्यावा असं काही नव्हतं. कोपऱ्यात आरामखुर्चीचा सांगाडा होता. त्यावर सहज हात ठेवला, तर ऊब लागली. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"ऊन पडत असेल," तो म्हणाला.

"या कोपऱ्यात? ऊन काय तुमच्या ऑफिसात नोकरीला आहे, सांगाल तिथे पडायला?"

खोली पाडून नवी बांधावी लागणार होती, तेवढी भरपाई बसतही होती. मुलगा आणि सून तान्ह्या बाळाला घेऊन स्वयंपाकघरात झोपत होते. अडलं होतं ते म्हातारीच्या सहीवर.

"खोली पाडली तर हे कुठे जातील?" खुर्चीकडे बोट दाखवत तिने विचारलं.

सुनेने बाळाचं दुपटं सारखं केलं.

मग सर्व्हेअरला घोरणं ऐकू आलं. पोट भरलेल्या माणसाचं, दुपारचं, संथ. त्याला वाटलं, शेजारी कुणी असेल. पण भिंतीपलीकडे नुसती मोकळी जागा होती. तो विटांच्या ढिगावर टेकला. उजेड पिवळा, जड झाला. डोळे मिटू लागले. आपला श्वास त्या घोरण्याच्या लयीत चाललाय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं, आणि तो दचकून कामाचं बोलू लागला.

"पूर्ण भरपाई घेतली की खोलीत उरेल ते कंपनीचं. नियमच आहे."

म्हातारीने मान वर केली. "उरेल ते सगळं?"

"सगळं."

"आणि मग सांभाळायचं कुणी?"

"आम्हीच. तुमची जबाबदारी संपली."

तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, भाजी घेताना पाहावं तसं. मग खुर्चीपाशी जाऊन वाकली आणि रिकाम्या हवेत हात फिरवला, कॉलर नीट करावी तसा.

"उठा आता. नातवाला जागा हवी. माणूस बरा दिसतोय, पाय पुसतो." ती सर्व्हेअरकडे वळली. "आणा, करते सही."

सही झाली.

घोरणं थांबलं.

सर्व्हेअर गाडीपाशी पोचला, तरी ती दारातूनच बोलत होती. "पुढे बसवा. मागे बसलं की मळमळतं त्यांना."

तो कसनुसं हसला. गाडी सुरू केली.

कोपऱ्यावर वळताच सीटबेल्टची सूचना वाजू लागली. बाजूच्या सीटवर कुणी नव्हतं, बॅगसुद्धा नव्हती. ती वाजायची थांबेना. शेवटी वैतागून त्याने हात लांबवला, तिकडचा पट्टा ओढला आणि खटका लावला.

आवाज बंद झाला.

पट्टा सीटला टेकला नाही. सुटलेल्या पोटावरून गेल्यासारखा फुगीर राहिला, आणि हळूहळू वरखाली होऊ लागला.