दोन बोटं कमी

प्रवासी जहाजाच्या सातव्या मजल्यावर ती खोलीच्या दारात अडकली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. तिचे पाय लहानपणापासून संपावर होते आणि वाटाघाटी तिने कधीच सोडून दिल्या होत्या; बॅटरीवरची तीनचाकी स्कूटर, हेच तिचं चालणं. कंपनीकडे रुंद दाराची खोली मागितली होती. मिळाली रुंद खिडकीची.

"माझ्यामुळे अडलं नाहीये," आत कोंडलेली मावशी म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

इतक्यात जहाजाचा सुतार आला. त्याने दार पाहिलं, स्कूटर पाहिली आणि मग… कामाचा भाग नसताना… तिच्याकडे पाहिलं.

"दोन बोटं कमी आहेत."

"माझी?"

"दाराची." त्याचे कान लाल झाले. "हात काढावे लागतील."

"कोणाचे?"

"स्कूटरचे… सीटचे."

हात निघाले, ती आत गेली. स्कूटर पॅसेजमध्ये ठेवायची नाही, असा नियम होता. आणि हातांशिवाय डेकवर फिरायचं, तर जहाज कललं की माणूसही कलणार. त्यामुळे सुतार रोज सकाळी हात लावायला आणि संध्याकाळी काढायला येऊ लागला. चार स्क्रूंच्या कामाला तो दार अडवून लग्नघरातल्या पाहुण्यासारखा वेळ लावायचा.

एका सकाळी इंजिनाचा आवाज थांबला. "बोट लागली का हो?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. गोळ्या घेतोय."

ती हसायची थांबेना. "अहो, बंदराला!"

"ती… ती आत्ता लागली."

"जहाजाच्या सुताराला बोट लागते?"

"बाबा म्हणायचे, माझ्या शिक्षणाचे पैसे पाण्यात गेले. म्हटलं, बघून यावं कुठे गेलेत."

त्यानंतर रोज ती विचारायची, "लागली का?" आणि तो खालमानेने म्हणायचा, "लागली." कोणती, ते दोघंही स्पष्ट करत नव्हती. मावशी आतून खोकायची.

शेवटचं बंदर आलं. इथे तिने उतरायचं, त्याने पुढे जायचं. त्याने डावा हात लावला. स्क्रू आवळताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "हवा छान आहे." ती म्हणाली, "हो ना." मग मावशीसोबत ती निघाली. मागे वळून पाहिलं नाही. स्कूटरला आरसा होता.

रॅम्पच्या मध्यावर जहाज हललं, ती उजवीकडे कलली आणि कोपर हवेत गेलं. उजवा हात नव्हताच!

"अहो!" वरून आरोळी आली. "तुमचा हात माझ्याकडे राहिला!"

रांगेतल्या साऱ्या प्रवाशांनी माना वळवल्या. एक आजोबा टाळ्या वाजवू लागले. सुतार धावत आला, पण हात लावायचा सोडून तो छातीशी धरून उभा राहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "दाराला लाकडी पट्टी होती. ती काढली असती, तर दोन बोटं पहिल्याच दिवशी मिळाली असती."

"माहितीये. मला दिसत होती."

"मग… बोलला नाहीत?"

"रुंद दाराची खोली तिसऱ्या दिवशीच रिकामी झाली होती. मी नको म्हटलं."

समुद्र आपलं काम करत राहिला.

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाली, "तुमच्या प्रेमापायी मी रोज आत कोंडून?" तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "बोट दिलं की लोक हात धरतात, हे ऐकून होते. याला दोन बोटं कमी पडली, तर हा अख्खा हात घेऊन उभा!"

"थांबा, लावतो," तो घाईघाईने म्हणाला आणि वाकला.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलं नाही. "सुट्टी मिळाली की घरी येऊन लाव."

"घरचं दार… अरुंद आहे?"

"चांगलं ऐसपैस आहे."

त्याचा चेहरा पडला. "मग मी रोज काय कारण सांगून येऊ?"

तिने स्कूटर चालू केली. "रोज येऊ नकोस," ती म्हणाली. "एकदाच ये… आणि राहा."