खडूवरचा ठिपका

"तुला कोणी आवडतं का?"

मी हे विचारलं तेव्हा तो आमच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. स्वेटरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी त्याने छातीशी धरलं होतं, आत मांजराचं पिल्लू असावं तसं. प्रश्न खरं तर माझा नव्हता. माझ्या दोन मैत्रिणी, टिटवी आणि चष्मी, यांची पैज होती की मौनीबाबाला हे विचारायची माझी टाप नाही. मौनीबाबा म्हणजे आमच्याच शाळेतला, शेजारच्या तुकडीतला. हजेरीला "उपस्थित" म्हणाला की त्याचं दिवसभराचं बोलणं संपलं, अशी त्याची ख्याती. मागच्या वर्षीची मी असते तर केव्हाच धूम ठोकली असती. पण यंदा मी वक्तृत्वात पहिली आले होते, वेणी सोडून केस कापले होते... आणि त्या दोघी समोरच्या झाडाआडून खिदळत होत्या.

तो लाल झाला. आधी कान, मग बाकीचा. मग त्याने स्वेटर उलगडला.

"हे... दुरुस्त होईल का?"

आत जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाचं अर्धं कवच होतं. ॲल्युमिनियमचं, साच्यात ओतलेलं, काळपट. कडेला भोक पडलेलं आणि त्यातून विजेसारखी वाकडी चीर धावलेली.

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर," मी म्हटलं.

"आधी माझ्या."

"तपासल्याशिवाय आम्ही काही सांगत नसतो."

"मग माझंही तसंच," तो म्हणाला. आणि हसला. मौनीबाबा हसतो, ही बातमी झाडाआड पोचवायला हवी होती, पण मी त्याला आत बाबांकडे घेऊन गेले.

आमचं दुकान म्हणजे असल्याच फुटक्या ओतकामाचं माहेर. पंपाची घरं, शिवणयंत्रांचे पाय, इंजिनांची कवचं. ज्याचा नवा भाग कुठेच मिळत नाही ते आमच्याकडे येतं. आई वेल्डिंग करते, बाबा लेथ चालवतात. आणि आमच्या घरात एक खोड आहे. हातात काहीही आलं की आधी बोटाच्या पेरावर टांगायचं, हातोडीने हलकेच वाजवायचं आणि ऐकायचं. धड असलं तर खणखणतं, तडकलेलं असलं तर बद्द वाजतं. कप घेतानासुद्धा आम्ही दुकानदाराला लाज आणतो.

बाबांनी कवच वाजवलं. बद्द.

"चेन तुटून आत गुंडाळली गेली ना?"

"हो, काका. आजोबा चालवत होते. त्यांना लागलं नाही, पण तेव्हापासून ते गाडीकडे बघतच नाहीत. घरातले म्हणतात, भंगारात घाला." त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात भोकातून उडालेला नखाएवढा तुकडा होता. "मी रस्त्यावर शोधला."

मी तो तुकडा भोकाला लावून पाहिला. रस्त्यावर ओणवा होऊन एवढासा तुकडा शोधणारा मुलगा...

"जुना धातू, वर्षानुवर्षं तेल प्यायलेला," बाबा म्हणाले. "वेल्डिंगचा टाका धरणार नाही. कठीण आहे, पोरा."

"मी करते," मी म्हणाले.

लेथ थांबला. आईने चेहऱ्यावरची काच वर केली.

आता सांगायलाच हवं. शाळा संपली की मला मामाकडे पाठवायचं ठरलं होतं. मामाचं औषधांचं दुकान आहे, तिथलं काम शिकायचं. हात स्वच्छ राहतात, असं आईचं म्हणणं. तिच्या दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे डाग आहेत. मला मात्र हेच हवं होतं. कितीतरी सुट्ट्या मी तिच्या शेजारी उभी राहून टाकाऊ तुकड्यांवर टाके घातले होते. गिऱ्हाइकाचं काम मात्र कधी हाती मिळालं नव्हतं.

"ठीक आहे, भोंगे," आई म्हणाली. मोठ्या आवाजामुळे घरात मला भोंगा म्हणतात. "हे जमलं तर इथे शिक. नाही जमलं तर मामाकडे. तोंड न वाजवता."

तोंड न वाजवता हे जरा जास्तच होतं. पण मी मान डोलावली.

त्या दिवसापासून शाळा सुटली की तो दुकानात. चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडतात, ते पाडताना कवच त्याने धरलं. मी चीर कोरून रुंद केली आणि धातूवर साबणाची वडी घासली.

"हे काय, अंघोळ?"

"थर्मामीटर. साबण चहाच्या रंगाचा झाला की धातू पुरेसा तापला."

"आणि कान लाल झाले की?"

मी वडी आणखी जोरात घासली. माझे कान केसांखाली होते, नशीब.

कवच तापलं तसं चिरेतून जुनं तेल पाझरू लागलं, घामासारखं. पुसलं. परत तापवलं, परत पुसलं. "आजोबांच्या शर्टाला असाच वास यायचा," तो हळूच म्हणाला. मग मी काच खाली घेतली, तुकडा जागेवर बसवला आणि निळ्या ज्योतीत टाका घातला. आई मागे उभी होती, पण तिने हात लावला नाही.

टाका झाल्या झाल्या कवच गरम वाळूच्या पेटीत पुरलं.

"बघू या ना," तो.

"हात लाव, मग बघ. वारा लागला तर परत तडकेल. सावकाश निवू द्यायचं."

"किती सावकाश?"

"तुझ्या बोलण्याइतकं."

तो हसला आणि पेटीपाशी बसूनच राहिला. मीही. काय बोललो ते सगळं सांगणार नाही. पण त्याला वर्गात बोलायला भीती वाटत नाही, फक्त शब्द निवडायला वेळ लागतो, हे मला त्या वाळूपाशी कळलं. आणि वक्तृत्वाच्या आधी माझे पाय लटलट कापत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी. आतून रॉकेल लावायचं आणि बाहेरून खडूची पूड. खडू मी शाळेतूनच आणला होता. कुठे बारीकसं जरी छिद्र असलं तर रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्यावर डाग उमटतो. आम्ही चौघं वाकून बघत होतो. सगळं पांढरंशुभ्र... आणि मग मधोमध एक ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा.

बाबांनी नुसतं नाक खाजवलं.

"वरून पुट्टी भरली तर दिसणारही नाही," तो म्हणाला. "एवढासाच तर आहे. मी कोणाला सांगणार नाही." तो हे माझ्यासाठी म्हणत होता. मामाचं त्याला माहीत होतं.

वाटलं, भरावी.

"आजोबा चालवताना तेल गळलं तर?" मी म्हटलं. "ते परत कधी गाडीकडे बघतील का?"

आणि मी टाका कोरून काढायला घेतला. माझ्याच हाताने घातलेला, माझा पहिला टाका. तेल राहिलं होतं आत, बुडबुडा धरला होता. आईला विचारलं, "अजून एक संधी?" आई म्हणाली, "मी कुठे मोजतेय?"

पुन्हा तापवणं, पुन्हा पुसणं. या वेळी इतक्यांदा, की फडक्यावर डाग पडायचाच थांबला. पुन्हा साबण, पुन्हा टाका, पुन्हा वाळू. तो रोजच्यासारखा बसला, फक्त पेटीच्या या बाजूला. माझ्या बाजूला.

खडू लावला. थांबलो. चष्मी आणि टिटवीसुद्धा आता उघड उघड दारात उभ्या होत्या. पांढरं... पांढरंच. बाबांनी कवच पेरावर टांगलं आणि हातोडी मला दिली.

खण्ण...

तो आवाज बराच वेळ दुकानात फिरत राहिला. मी त्याच्याकडे वळले. "होईल. म्हणजे, झालं. आता तुझं उत्तर."

त्याने शब्द निवडायला वेळ घेतला. माझ्या नाकावर खडू लागला होता, तो त्याने बोटाने अलगद पुसला.

"हो," तो म्हणाला. "आवडतं. खूप बोलणारं कोणीतरी."

माझ्या तोंडून एकही शब्द फुटला नाही. टिटवी शपथेवर सांगते, असं आधी कधी घडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मोटरसायकल आमच्या दारात थांबली. चालवत होते आजोबा. मागे तो बसला होता, कुठलासा वेगळाच जुना झाकणाचा भाग मांडीवर घेऊन. तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "यालाही... चीर असावी बहुतेक. तपासायला किती दिवस लागतील?" आणि निघून गेला.

बाबांनी झाकण पेरावर टांगून वाजवलं. खण्ण. आईने घेऊन वाजवलं. खण्ण. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"हे तर ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "मग आणलं कशाला त्याने?"

मी आईचा जाड हातमोजा उचलला. मोठा होतो मला, पण होऊ दे.

"आई, बाबा, ऐका. मी मामाकडे जाणार नाही. उद्यापासून वेल्डिंगचा टॉर्च माझ्या हातात. तो मुलगा उद्या संध्याकाळी येईल, आणि झाकणाला काहीही झालेलं नाही, हे मी त्याला सांगणार आहे. तरीही त्याने परवा यावं, हेसुद्धा मीच सांगणार आहे."