गच्चीवरच्या नाड्या

पेटी उघडी होती आणि नवरीच्या सोन्याच्या बांगड्या गायब होत्या. पेटीसमोर मेंदीचं वाडगं उपडं पडलं होतं.

फौजदार नफीसा मोरोक्कोतल्या फेस शहराच्या जुन्या गल्लीतल्या त्या लग्नघरात शिरली, तेव्हा सगळे एका सुनेवर तुटून पडले होते. इत्तो तिचं नाव, माहेर डोंगरातलं. दुपारच्या नमाजाआधी तिला बापाकडे धाडायचं ठरलंही होतं. बोचकं दारात तयार होतं.

"हात बघा तिचे," सासू रकिया म्हणाली. "आणखी पुरावा कशाला हवा?"

तळहात लालभडक होते.

"सकाळपासून मेंदी मीच कालवतेय, ताई," इत्तो म्हणाली. "लिंबू पिळून. सासूबाईंनीच सांगितलं होतं."

"आणि सांडलीसही तूच. डोंगरातली अवलाद."

नफीसाने इत्तोला तळपाय दाखवायला सांगितले. ते धुळीने मळले होते, पण रंगाचा ठिपकाही नव्हता. सांडलेल्या मेंदीत मात्र कुणाचा तरी पाय पडलेला दिसत होता, आणि त्या ठशात बोटं नव्हती.

या घरात जोडे उंबऱ्याबाहेर काढायचा दंडक होता. बाहेरच्या रांगेत एकच जोड बिननाड्यांचा होता. पांढरं कातडं नुकतंच पुसलेलं. बूट इत्तोच्या नवऱ्याचे, अब्दुलहईचे.

"नाड्या कुठे आहेत?"

"धुतल्या. संध्याकाळी बहिणीचं लग्न आहे."

"बायकोने धुतल्या?"

"तिच्या हाती दिल्या तर चिंध्या होऊन येतील. माझ्या नाड्या मीच धुतो. साबणाने चोळायच्या, लिंबू पिळायचं, कडक उन्हात टाकायच्या. दुधासारख्या निघतात. आणखी काही शिकायचंय का, बाई?"

"हो. चला, बघू."

रकियाही त्यांच्यामागून वर आली. गच्चीच्या दोरीवर दोन नाड्या लोंबत होत्या. मध्ये पांढऱ्या, टोकांना गडद विटकरी.

अब्दुलहई बघतच राहिला. "टाकल्या तेव्हा फिकट होत्या," तो पुटपुटला.

"असणारच," नफीसा म्हणाली. "चोर घाईत बुटांसकट आत आला. नाड्या सुटलेल्या होत्या, वाडगं लवंडलं, टोकं मेंदीत लोळली. बूट पुसून निघाले, नाड्यांचा डाग निघेना. मग तुम्ही एरवीसारखं लिंबू पिळलंत. इथली कुठलीही पोर सांगेल, लिंबाने मेंदी उतरत नाही, चढते. नाड्या इत्तोने धुतल्या असत्या, तर तिने लिंबाला हातही लावला नसता."

तोवर खाली झडती घेणाऱ्या शिपायाने बांगड्या वर आणल्या. त्या अब्दुलहईच्या मोटारसायकलच्या सीटखाली सापडल्या होत्या.

"विकणार नव्हतो," तो आईकडे न बघता म्हणाला. "ही घरातून गेली की परत ठेवणार होतो. नांदवायची नव्हती मला."

शिपाई त्याला घेऊन गेला.  रकिया खाली येऊन इत्तोला म्हणाली, "बोचकं आत घे, सूनबाई. मेंदी वाळून चाललीय."

इत्तोने बोचकं उचललं.

"लिंबू पिळा, सासूबाई," ती म्हणाली, उंबरा ओलांडून तिने जोडे घातले आणि निघून गेली.