तिसऱ्यांदा भिजवलेलं चामडं

बसमधून उतरलेल्या मुलीच्या उजव्या बुटाचा तळ पळसाच्या सालीच्या दोरीने बांधलेला होता. ती मात्र सरळ, ताठ, काहीच न झाल्यासारखी दुकानापर्यंत चालत आली.

प्रफुल्लला आधी बूटच दिसला. धंद्याची सवय म्हणायची. माणसाच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याला नेहमी थोडा वेळ लागायचा. बूट, मग खाकी पँट, खाकी शर्ट, उन्हाने रापलेला हात, आणि शेवटी डोळे... डोळ्यांशी पोचल्यावर त्याची नजर घाईघाईने पुन्हा बुटावर येऊन बसली.

“भाऊ, हा शिवून देता का? चारची बस हाये माही.”

थंडीचे दिवस होते. पांढरकवड्याहून केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या छोट्या दुकानात सकाळचं ऊन उंबऱ्यापर्यंतच यायचं. त्या उन्हात पाय ठेवून ती स्टुलावर बसली. प्रफुल्लने बूट फिरवून पाहिला, आत बोटं घातली आणि थांबला. पुढच्या टोकात कापसाचा बोळा होता.

“हे कायले?”

“बूट माणसाच्या मापाचा हाये ना. पाय माहा.” ती म्हणाली, “कापूस घरचा हाये पण. दिग्रसचा.”

त्याला हसू आलं, आणि ते लपवायला तो सुई शोधू लागला. सुई त्याच्या हातातच होती.

तिचं नाव सुरभी राठोड. दिग्रसजवळच्या तांड्यावरची. दीड वर्षापासून ती इकडच्या जंगलात वनरक्षक होती. रोज आठ-दहा किलोमीटर पायी. बाईच्या पायाला बसेल आणि जंगलात टिकेल असा बूट तिला बाजारात सापडला नव्हता, म्हणून पुरुषाचा घ्यायचा आणि पुढे कापूस भरायचा. हे सगळं तिने तक्रारीचा सूर न लावता, गंमत सांगावी तसं सांगितलं. प्रफुल्ल शिवता शिवता म्हणाला की बूट महिनाभर चालेल, पण टाच सोलेल. ती म्हणाली, टाच आधीच सोललेली आहे.

पुढचं वाक्य बोलायचं त्याने ठरवलेलं नव्हतं.

“मी करून देऊ का? तुमच्या मापाचे. समोरून शिवण नाही येणार. काटा नाही शिरणार, पाणी नाही शिरणार.”

मागे पोत्यावर बसून त्याचे वडील उकंडाजी एका जोड्याची टाच घासत होते. त्यांचा हात थांबला. आपला मुलगा अनोळखी बाईशी एका दमात एवढं बोलल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“मंग मशीन काढा लागते,” ते म्हणाले.

ते मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. ओतीव लोखंडाचं, कमरेएवढं उंच, हाताने चालवायचं. वर दोन लोखंडी जबडे, त्यांच्या फटीत उतरणारा घोट्यासारखा वाकडा साचा, आणि बाजूला लांब दांड्याचं चाक. बुटाचा पुढचा भाग एकाच तुकड्यात हवा असेल तर सपाट चामडं घोट्याशी वाकवावं लागतं, आणि नुसत्या हाताने ते सुरकुत्यांशिवाय वाकत नाही. म्हणून ओलं चामडं जबड्यांवर टाकायचं आणि दांडा फिरवायचा. साचा चामड्याला घेऊन सावकाश खाली जातो, आणि सपाट तुकड्याला पावलाचं वळण येतं. उकंडाजींचं तारुण्य त्या दांड्यावर गेलं होतं. आता तयार बुटांच्या दिवसांत ते गोणपाट वर्षातून एखाद्या वेळी निघायचं.

प्रफुल्लने कागद पसरला. तिने पाऊल ठेवलं. पेन्सिल टाचेवरून निघाली, कडेकडेने सरकत अंगठ्यापाशी आली आणि थबकली.

“पाय हलवू नका मॅडम.”

“पाय नाही हलून राह्यला भाऊ,” ती म्हणाली. “तुमचा हात हलून राह्यला.”

खरं होतं ते.

पुढच्या रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती बघायला आली. चामडं सकाळपासून पाण्यात होतं. दुकानभर त्याचा ओला, मातकट वास होता. दांडा आपणच फिरवणार असं तिने जाहीर केलं. जड आहे, असं प्रफुल्लने सांगून पाहिलं, तर चौकीवरचा हापसा आपण रोज मारतो हे तिने ऐकवलं. मग तो बाजूला उभा राहून सांगत राहिला.

“अर्धा फेरा... थांबा. दम घेऊ द्या.”

“मले?”

“चामड्याले.”

ती हसली आणि थांबली. चामड्यातून पाण्याचे थेंब जमिनीवर पडत होते. पुन्हा अर्धा फेरा. साचा उतरत गेला, आणि हळूहळू त्या तपकिरी तुकड्यात एका पावलाचा उंचवटा दिसू लागला. दांड्यावर दोघांचे हात एकदाच शेजारी आले. कुणी काढून घेतला नाही... कुणी पुढेही नेला नाही.

वळलेले दोन्ही तुकडे लाकडी फळीवर खिळ्यांनी ताणून दोन दिवस वाळवले. उकंडाजींनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. चूक असती तर बोलले असते.

आता शिवायचं, पावलाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चढवायचं, तळ लावायचा. आठवड्यात बूट तयार. आणि बूट तयार झाले की ती येऊन घेऊन जाणार. दोन-तीन वर्षं तरी त्या बुटांना काही होणार नव्हतं, म्हणजे तिचंही इथे काही काम उरणार नव्हतं. चांगला कारागीर असण्यात एवढा मोठा तोटा असतो, हे प्रफुल्लला पहिल्यांदाच कळलं.

त्यानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं की वळण नीट बसलं नाही, पुन्हा एकदा वळवावं लागेल. तिने लगेच विश्वास ठेवला. तिने रुमालात बांधून जंगलातली बोरं आणली होती. चामडं भिजेपर्यंत दोघं मीठ लावून ती खात बसले. ती भरतीच्या तयारीसाठी पहाटे तांड्याच्या रस्त्यावर कशी धावायची, आणि तिचे वडील देवसिंग सायकलवर मागून येत दम कसा देत राहायचे, ते तिने सांगितलं. प्रफुल्लने शाळेतलं काहीतरी सांगितलं. ते फारसं मजेशीर नव्हतं, पण ती हसली. ‘भाऊ’ म्हणणं तिने कधी सोडलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. आता ती त्याला काहीच म्हणत नव्हती. नुसतं “ऐका ना” म्हणून सुरुवात करायची.

ती गेल्यावर उकंडाजी म्हणाले, “दोन बूट हायेत का दोनशे?”

प्रफुल्लने बोरांच्या बिया गोळा करायला घेतल्या.

“आता नको भिजवू बाप्पा. चामडं बी थकते.”

हे प्रफुल्लला ठाऊक होतं. दर भिजवणीला चामड्यातलं थोडं तेल पाण्याबरोबर जातं आणि ते आतून सैल होतं. पण तिसऱ्या रविवारी त्याने ते पुन्हा पाण्यात टाकलं. आज बोलायचंच असं त्याने ठरवलं होतं, आणि हात रिकामे असताना त्याला बोलता येत नसे.

ती आली ती आनंदात. बुधवारपासून जंगलात वन्यप्राण्यांची पायी मोजणी होती. तीन दिवस, रोज सकाळी. तोवर बूट होतील का, तिने विचारलं. हे आजचं शेवटचं, असं तो म्हणाला. तिने दांडा धरला. अर्धा फेरा, थांबली. पुन्हा अर्धा. शिकवल्याप्रमाणे, अगदी बरोबर. प्रफुल्लने बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जुनं धोतर फाटावं तसा आवाज आला.

बरोबर वळणावर बोटभर चीर गेली होती.

तिने दांड्यावरचे हात झटकन काढले. “मी जोरात फिरवलं का?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो आलाच नाही. ती त्याला सॉरी म्हणाली, मग उकंडाजींनाही म्हणाली. आपला हातच जड आहे, घरीही सगळे हेच म्हणतात, असं काहीतरी बोलली. मग जुन्या बुटात पाय घालून ती नेहमीपेक्षा एक बस आधीच निघून गेली.

उकंडाजी उठले. त्यांनी फाटलेला तुकडा जबड्यातून सोडवला.

“चामडं गेलं त दुसरं येईन,” ते म्हणाले. “पोरीच्या डोक्यावर काहून टाकलं?”

त्याच दुपारी प्रफुल्लने दुसरं चामडं कापून भिजत घातलं. सोमवारी एकदाच वळवलं, गच्चीवर उन्हात फळीवर ताणलं, आणि मंगळवारी शिवायला बसला. दुसरा बूट उकंडाजींनी न सांगताच ओढून घेतला. आठवड्याचं काम होतं. बापलेकांनी अडीच दिवसांत केलं.

बुधवारी उजाडायच्या आत तो मोटरसायकलने चौकीवर पोचला. सुरभी पायरीवर बसून जुन्या बुटात कापूस भरत होती. बादलभाऊ, तिच्यासोबतचे वयस्क वनमजूर, वाटेवर काठी टेकून उभे होते. प्रफुल्लने नवे बूट तिच्यासमोर ठेवले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

“चामडं तुम्ही नाही फाडलं. पहिल्याच दिवशी बरोबर वळलं होतं ते. मी उगाच दोनदा भिजवलं. म्हणून फाटलं.”

तिने बुटांकडे पाहिलं. कापसाचा बोळा हातातच होता.

“मी माह्या बाले फोन करून सांगितलं,” ती म्हणाली. “कारागिराचं चामडं फाडलं म्हणून. तो रागावला मले.”

“माही चूक हाये.”

“खोटं बोलले ते एक. पण मी तुमची माफी मांगत होती, तवा तुम्ही गप काहून बसले?”

“जीभ नाही उचलली.”

“अन् दोनदा भिजवलं कायले?”

“मॅडम,” बादलभाऊंनी वाटेवरून हाक दिली, “दिसाले लागलं.”

मोजणी उजाडतानाच सुरू करायची असते. सुरभीने नवे बूट चढवले, बकल लावलं, दोनदा पाय आपटून पाहिले.

“आल्यावर सांगा,” ती म्हणाली. “जाऊ नका.”

तो पायरीवर बसून राहिला. समोर सागाची पानगळ चालू होती. एकेक पान पडायला किती वेळ घेतं ते त्याने त्या सकाळी पाहिलं. ‘कायले’ची उत्तरं त्याने मनात जुळवली. पहिलं फार लांब होतं, दुसरं ऐकायला बरं वाटावं असं होतं म्हणून खोटं वाटलं, तिसऱ्यात तिचं नावच घेता येईना. मधूनच बुटांची काळजी लागे. चामडं घाईने वाळवलेलं, कड घोट्याला लागली तर... मग वाटे, ती इतक्या लांब चालते आहे, आणि आपण इथे बसून दमलो.

दहाच्या सुमाराला दोघं परतले. सुरभी पुढे होती. ती लंगडत नव्हती.

“मॅडम आज काय चालून राह्यल्या,” बादलभाऊ धापा टाकत म्हणाले. “मीच मागं पडलो.” त्यांनी एकदा प्रफुल्लकडे पाहिलं आणि आपण होऊनच चहा ठेवायला आत गेले.

सुरभी पाणी प्यायली. मग फोन काढला. वरच्या पायरीवर उभं राहिलं तरच तिथे रेंज यायची. तिथे जाऊन तिने नंबर लावला आणि गोरबोलीत, तांड्यावरच्या भाषेत, भरभर काही सांगितलं. प्रफुल्लला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळलं. मग तिने फोन त्याच्यापुढे धरला.

“बा हाये. चामडं कोणं फाडलं ते सांगा त्याले.”

त्याने फोन घेतला.

“काका, नमस्कार. चामडं मी फाडलं. सुरभीनं नाही. तिचा हात हलका हाये.”

“मंग तिनं तसं काहून सांगितलं?” पलीकडचा आवाज जाड आणि संथ होता.

“मी खरं बोललो नाही म्हणून.”

“बरं. अन् तीन रविवार पोरीले बोलावलं म्हणते. कायले?”

सुरभी पाठमोरी उभी होती. सागाच्या एका खोडाकडे बघत, अगदी स्थिर.

जुळवलेली सगळी उत्तरं निघून गेली. जे उरलं तेच प्रफुल्ल बोलला.

“बूट दिले असते त तिचं येणं बंद झालं असतं.”

फोनमध्ये कुठेतरी शेळी ओरडली. देवसिंग खोकले.

“अन् आता त देऊन टाकले.”

“हो.”

“मंग?”

सुरभी वळली आणि तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

“बा,” ती म्हणाली, आणि या वेळी त्याला कळेल अशा भाषेत म्हणाली, “आता ते येणार हायेत. रविवारी. आपल्या घरी.”

पलीकडून काय उत्तर आलं ते त्याला ऐकू गेलं नाही. ती ‘हो’ म्हणाली, पुन्हा एकदा ‘हो’ म्हणाली, आणि फोन बंद केला.

“तुम्ही मले आवडता,” प्रफुल्ल म्हणाला.

“आधी माह्या बापाले सांगितलं, मंग मले.” तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. “राग नाही गेला माहा पुरा. अर्धा हाये अजून.”

“असू द्या.”

ती पायरीवर बसली. बकल सोडून तिने बूट काढले आणि दोन्ही पाय उन्हात लांब केले. टाचेवरच्या जुन्या जखमेशेजारी नवी जखम झालेली नव्हती. मग ती थोडी बाजूला सरकली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचं सागाचं पान तिने हाताने झाडून टाकलं.

“बसा,” ती म्हणाली. “चहा येऊन राह्यला.”