भल्या माणसाचा तुकडा

दार ओढून घ्या रे कोणीतरी. आणि किटलीत चहा उरला असेल तर इकडे सरकवा. तुम्हाला गोष्ट हवी, मला घसा ओला हवा.

ही इनिसची गोष्ट. इनिस गॉल्ड, तुमच्याआधी या गढीचा मुख्य माळी होता. आता तो समुद्राकडे राहतो आणि साध्या कुंडीतसुद्धा काही लावत नाही. मी या टिलीवर्न गढीच्या भिंतींना चुना लावायला आलो तेव्हापासून त्याची-माझी ऊठबस. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मध्येच दात काढायचे नाहीत, रोरी, तुलाच सांगतोय.

तर गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबर, शनिवार. दुपार कलली तसा इनिस चार उंच भिंतींच्या आतल्या बागेत गेला. रात्री पाला करपवणारी थंडी पडणार, असं रेडिओवर सांगत होते, म्हणून अंजिराला गोणपाट गुंडाळायचं होतं. नेहमीचं काम. खिशात सुतळी, काखेत गोणपाट. साडेचारला सूर्य गेला आणि पाचपर्यंत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. आपल्याकडे नोव्हेंबरात रात्र व्हायला रात्र व्हावी लागत नाही.

पण त्याआधीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

या गढीला शंभरावर वर्षं छप्पर नव्हतं. छप्पर असलं की कर लागायचा, तो चुकवायला मालकांनीच ते उतरवलं होतं. दिवाणखान्यात मेंढ्या बसायच्या, धुराड्यात कावळे. आणि भिंतीतली बाग इनिसच्या बापाकडे होती, बटाटे आणि सलगम लावायला. ईशान्येचा कोपरा तेवढा तो सोडायचा. खोलीएवढा तुकडा, बाजूनं दगड मांडलेले. त्यात ना नांगर, ना कुदळ, ना मेंढरू. घोडासुद्धा तिथून आपोआप वळायचा म्हणे. त्याला म्हणायचे भल्या माणसाचा तुकडा. हा भला माणूस कोण, हे कोणी विचारत नव्हतं. जो भला नसतो त्यालाच माणसं इतक्या जपून भला म्हणतात. सगळं शेत आपलं, एवढा तुकडा त्याचा. त्याला त्याचं मिळालं की तो आपल्या दारात येत नाही, इतका साधा हिशेब.

मग फार्कर बाई आल्या. गढी घेतली, पंधरा वर्षं खपून उभी केली. मन लावून केलं बाईंनी सगळं, मी साक्षीदार आहे. चुना कालवताना स्वतः बादल्या उचलायच्या. शेवटी राहिली बाग. जुना नकाशा सापडला होता, त्यात त्या कोपऱ्यात नासपतीची झाडं आणि बाक दाखवलेलं. जूनमध्ये लोकांना बाग बघायला खुली करायची होती. बाई इनिसला म्हणाल्या, "तेवढा कोपराच राहिलाय. खणून घ्या ना."

इनिस शिकलेला माळी, एडिंबराहून पदविका घेऊन आलेला. आता बाईंना काय सांगणार? की माझा बाप नको म्हणायचा? बाई हसल्या असत्या. किंवा त्याहून वाईट म्हणजे हसल्या नसत्या, आणि येणाऱ्या पाहुण्यांना चहाबरोबर ती गंमत सांगत बसल्या असत्या. इनिस म्हणाला, "हो, घेतो की."

पण स्वतः खणायचं म्हटलं तर जिवावर आलं. गावातल्या कोणाला सांगावं तर जो तो पाठदुखी काढणार. आणि मग त्याच्या डोक्यात आलं... आपल्याच माणसाच्या डोक्यात येईल असं ते होतं. आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना, की बाधतं ते ठाऊक असणाऱ्याला. नकळत केलं त्याला माफ. म्हणजे ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्या हातून करून घेतलं, की कोणालाच काही नाही!

आणि तसा माणूस त्याच्या हाताखाली होता. युर्गिस. लिथुएनियाचा. इकडे आधी मासळीच्या कारखान्यात होता, मग बागेत आला. दांडगा, हसरा. मातीत हात घातला की गाणं म्हणायचा, आणि गाणं भयंकर म्हणायचा.

इनिसनं त्याला कोपरा दाखवला. युर्गिसनं टाच मारून बघितली आणि विचारलं, "बॉस, हे गवत फार जुनं दिसतंय. इथं कोणाला पुरलंय का?"

"पुरलंय तर. मागच्या सगळ्या माळ्यांचा आळस."

युर्गिस खदाखदा हसला. "मग उकरतोच त्याला!"

हे वाक्य इनिसला अजून झोपू देत नाही. आपण काय विनोद केला! एवढं सरळ विचारलं होतं त्यानं. तिथल्या तिथं सांगता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात युर्गिस म्हणाला, "बॉस, संध्याकाळी तिकडे भिंतीपाशी एक जण उभा असतो. मी रोज गुड इव्हनिंग म्हणतो. तो ढिम्म. तुमच्याकडची माणसं फार शिष्ट बुवा."

तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? तो म्हणाला, "शेजारचा शेतकरी असेल कोणी. खण तू."

वाफा तयार झाला. खणताना युर्गिसचा अंगठा दगडावर घासला होता, जरासं खरचटलं. त्यानं फडकं गुंडाळलं आणि गात राहिला. मग ते चिघळलं. मग विष रक्तात गेलं. डॉक्टरांनी जेवढं करायचं तेवढं केलं. मे महिन्यात त्याला पेटीत घालून विमानानं घरी पाठवलं. अठ्ठावीस वर्षांचा होता.

जूनमध्ये बाग खुली झाली. लोक आले, केक खाल्ले, नासपतीच्या रोपांचे फोटो काढले. फार्कर बाईंनी सगळ्यांसमोर इनिसचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. आणि इनिस टोपी हातात घेऊन उभा राहिला नि हसला. "वॉटी," मला म्हणाला, "मी हसलो रे. मला हसता आलं."

तर ती दोन नोव्हेंबर, सूर्य नुकताच गेलेला. इनिस अंजिराला गोणपाट गुंडाळतोय, आणि बागेच्या दारातून एक बाई आत आली. अंगावर कारखान्याचं निळं जाकीट, हातात पिशवी.

"इनिस तुम्हीच का? मी दाइवा. युर्गिसची बहीण."

इनिसनं सुतळी खिशात घातली.

"आमच्याकडे आज मेलेल्यांचा दिवस असतो," ती म्हणाली. "थडग्यावर दिवा लावतात. त्याचं थडगं तिकडे, आणि मला सुटी मिळाली नाही. म्हटलं, जिथं त्यानं शेवटचं काम केलं तिथं तरी लावावा. दाखवाल?"

नाही कसं म्हणणार? इनिस तिला घेऊन कोपऱ्याकडे निघाला. वाटेत ती बोलत होती. "तुमच्याबद्दल फार सांगायचा तो. कारखान्यात त्याला 'ए, तू' म्हणायचे. म्हणायचा, बॉस मला नावानं हाक मारतो. त्याला घरचा माणूस वाटायचात तुम्ही."

इनिसला वाटलं, हिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं वाफ्याच्या कडेला लाल काचेतली मेणबत्ती ठेवली, पेटवली. गुडघ्यावर बसून काहीतरी पुटपुटली. उठली, मागं वळून बघितलं, आणि विचारलं, "त्याला काही झालं होतं का इथं? फोनवर म्हणायचा, भिंतीपाशी कोणी उभं असतं. तुम्हाला ठाऊक आहे का काही?"

सांगायची वेळ ती होती. समोरून चालून आलेली. इनिसनं तोंड उघडलं...

"नाही हो," तो म्हणाला. "मला काहीच ठाऊक नाही."

तिनं मान हलवली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली. भिंतीकडे. आणि ती अदबीनं म्हणाली, "गुड इव्हनिंग."

इनिसनं वळून बघितलं.

भिंत होती. बाकी कोणी नव्हतं.

"कोणाशी बोललात?"

"ते तिथं उभे होते ना. गेले वाटतं." तिनं पिशवी उचलली. "येते मी. बस चुकली तर पुढची थेट आठला."

"गाडीनं सोडतो" एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. खरं सांगू? ती जातेय याचं त्याला बरं वाटलं. ती उंच बीच वृक्षांमधल्या वाटेनं निघाली, हातात फोनचा टॉर्च. इनिस परत अंजिराकडे आला. एक गाठ मारली. दुसरी बसेना. मन खायला लागलं. आपण माणूस मारला, आणि त्याच्या बहिणीच्या तोंडावर खोटं बोललो. आत्ता धावत जावं, बसथांब्यापर्यंत सगळं सांगावं. थुंकली तोंडावर तर थुंकू दे.

तो बागेच्या दारापर्यंत पळत गेला. लांब खाली तिचा टॉर्च दिसत होता. त्यानं हाक मारली.

आवाज आला नाही.

पुन्हा मारली. घसा ताणून. ओठ हलत होते... आवाज नाही. फुसकासुद्धा नाही. कोणीतरी त्याचा आवाजच उचलून नेला होता.

आणि पाय... पाय दारातून बाहेर पडेनात.

मागं कोपऱ्यात कुदळीचा आवाज आला. चप.

मग शांत.

चप.

इनिस वळला नाही. वळणं शक्यच नव्हतं. तो फक्त खाली बघत राहिला, त्या टॉर्चकडे. टॉर्च थांबला. जरा वेळ तिथंच. मग पुन्हा चालायला लागला, पण आता सावकाश. आणि उजेड नुसता पुढं पडत नव्हता. मधूनच बाजूला वळत होता... शेजारून कोणी चालत असलं, की आपण त्याच्या पायापुढं धरतो ना, तसा.

इनिस ओरडत होता. जिवाच्या आकांतानं. आवाज नाही...

खाली रस्त्यावर बसचे दिवे आले. थांबले. गेले.

आणि एकदम त्याच्या तोंडून "थांबा!" फुटलं, इतक्या जोरात की गढीच्या धुराड्यातले सगळे कावळे उठले. मागचा आवाज बंद झालेला. त्यानं वळून बघितलं नाही. घरी गेला आणि सकाळपर्यंत दिवा चालू ठेवून बसला.

उजाडल्यावर त्यानं फार्कर बाईंकडून दाइवाचा नंबर घेतला आणि फोन लावला. आता माघार नाही, असं ठरवून. म्हणाला, "दाइवा, मी इनिस. काल मी तुमच्याशी खोटं बोललो. मला सांगायचंय..."

"पुन्हा?" ती म्हणाली. आवाज रडून बसलेला, पण मऊ. "काल सांगितलंत ना सगळं. तो तुकडा, तुमचे वडील, बाईंना बोलायला लाजलात ते. पुन्हा कशाला त्रास करून घेता?"

"काल... कधी?"

"वाटेत. धावत आलात ना मागनं. बसथांब्यापर्यंत बोलत होतात. लहान मुलासारखे रडलात. मी आधी फार चिडले होते, ते तुम्ही बघितलंच. पण बसचे दिवे दिसले तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे. मनापासून म्हटलं मी ते, इनिस. माफ केलं म्हणजे केलं."

इनिस म्हणाला, "दाइवा, तो मी नव्हतो."

"असं काय बोलता? तुमचाच आवाज होता."

"मी बागेतून हललोच नाही. ऐका, ते 'माफ केलं' मला म्हणा. आत्ता म्हणा, एकदाच. मी हात जोडतो."



"मला वाटलं, तुम्ही भले आहात," ती म्हणाली. "काल कबूल करायचं आणि आज मी नव्हतोच म्हणायचं? माझ्याकडे होतं ते मी काल देऊन टाकलं. आता माझ्याकडे काही नाही. आईनं विणलेले त्याचे हातमोजेसुद्धा तुम्हालाच दिले. थंडी होती, तुमचे हात बर्फासारखे लागले म्हणून. ते तरी नीट वापरा."

फोन बंद झाला. पुन्हा तिनं कधी उचलला नाही.

इनिस बागेत गेला. रात्रीच्या थंडीनं सगळं पांढरं, मातीवर पाऊल टाकलं तर कुरकुरत होतं. वाफा जसाच्या तसा, कुठं कुदळीचा घाव नाही. मधोमध हातमोजे ठेवलेले. करड्या लोकरीचे, शेजारी शेजारी, तळवे वर. त्यानं एक उचलला. आतून बोटांच्या टोकांपर्यंत माती भरलेली होती, घट्ट, ठासून. त्या गारठ्यातही ती माती ऊबदार होती.