तारा उतरवून ठेव

लाईट गेली की तांड्यावरची पोरं गुलाबचंदकाकाच्या ओट्यावर जमायची. काका आधी जीप चालवायचा, आता नुसतं तोंड चालवायचा.

"भूत मी पाह्यलं न्हाई बरं," त्यानं आधीच सांगून टाकलं. "मी लई भित्रा माणूस. मी समोर रस्ता पाहून राहिलो होतो. पाह्यलं ते रविंद्रनं."

"कोन रविंद्र?" शिलानं विचारलं.

"हिंगोलीचा. भीमगीतांच्या पार्टीत मागं बसून टाळ्या वाजवायचा."

तर या रविंद्रला टाळ्यांचा वीट आला होता. पार्टीच्या मालकानं बजावलेलं, जयंतीला स्वतःची गिटार घेऊन ये अन् पुढं बस, न्हाईतर जन्मभर टाळ्या पीट. ते साल दोन हजार दोन. तेरा एप्रिलला पाडवा अन् दुसऱ्याच दिवशी जयंती. पाडव्याच्या सकाळी त्याला कळलं, जवळा बाजारच्या पद्माबाई नवऱ्याची इलेक्ट्रिक गिटार विकून राहिल्यात. तो काकाच्या जीपनं निघाला.

पद्माबाईंचे मालक, किशनराव, जाऊन बरीच वर्षं झालेली. पद्माबाईंनी पेटी उघडली अन् रविंद्र बघतच राहिला. लालभडक गिटार. तीत तोंड बघून भांग पाडावा अशी.

"एवढी जुनी, अन् नवरीवानी?"

"रोज पुसते, बाबा. त्यांच्या हातात कायम तंबाखू. चुन्याचा अंगठा कुठं बी लावायचे, माझे पडदे बी सोडले न्हाईत." बाई हसल्या. "आता हात दुखतेत माझे, म्हणून देऊन राहिले. हे फडकं बी ने. अन् ध्यानात ठेव, वाजवून झाली की खुंट्या ढिल्या करून तारा उतरवायच्या, मगच पेटी लावायची. मालकांची शिस्त होती."

"व्हय, मावशी."

रविंद्रनं तारा चढवल्या, सूर लावला. वाजवता वाजवता दिवस कधी मावळला, कळलंच नाही. बाहेर काकानं हॉर्न दिला. गडबडीत पेटी लावली. तारा तशाच... ताणलेल्या.

औंढा मागं पडलं तेव्हा काळोख होता. सणामुळं सवारी नाही, जीपमधी दोघंच. काका पुढं, रविंद्र मागं, मांडीवर पेटी.

"माह्या जीपच्या दोन लाईटींचं आपसात पटत नव्हतं," काका म्हणाला. "एक रस्ता पाहायची, एक बाभळी."

पोरं हसली.

"तवा आवाज आला."

कुर्र...

रविंद्रला वाटलं, जीपच असेल. त्या जीपमधी न वाजणारं होतं काय?

कुर्र...

"काका, थांबवा."

"काहून?"

"थांबवा तर!"

इंजिन बंद झालं. झाडंसुद्धा गप्प.

कुर्र... पेटीतून. कोणीतरी खुंटी पिळावी तसा. मग शांत. मग पुढची खुंटी... कुर्र...

पेटी हलत नव्हती. आतून नुसती थरथर मांडीला लागत होती.

"वापस नेऊन देऊ का?" काकानं मान न वळवता विचारलं.

रविंद्रच्या डोक्यात एकच. उद्या. परत दिली तर पुन्हा टाळ्या. त्यानं झाकण दोन्ही हातांनी दाबलं. तोंड पेटीजवळ नेलं.

"चुकलं, बाबा... विसरलो. उद्या वाजवू द्या. रोज उतरवीन."

काही नाही.

कितीतरी वेळ... काही नाही.

त्यानं कडी काढली. काकानं बॅटरी तशीच मागं दिली.

सगळ्या तारा सैल. लोंबत होत्या.

ओट्यावर शिलानं उगाच पाय वर घेतले.

"मंग... जयंतीला वाजवली?"

"वाजवली की. पुढं बसून. अजून वाजवतो. रोज रात्री तारा उतरवतो, मगच पेटी लावतो. तो आवाज पुन्हा आला न्हाई."

"मंग झालं तर."

"झालं. पण ते फडकं त्याला रोज लागतं. सकाळी पेटी उघडली की खुंट्यांपाशी चुन्याचा अंगठा असतो म्हणे."

"तो खात असंल तंबाखू."

"सुपारी बी न्हाई खात, पोरी." काकानं अंधारात स्वतःचा अंगठा धोतराला पुसला. "अन् अंगठा... ओला असतो."