सातव्या दिवसाची खूण

भुतं रात्रीच दिसतात असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट वाचूच नये.

ही भर दुपारची आहे. गेल्या वैशाखातली, सोनाळ्याजवळच्या एका गावातली. अन् खरी आहे. जिच्यासोबत घडली ती छाया माझी मावसबहीण, गावची आशाताई. खोटं बोलणं तिला जमत नाही.

एकदाच बोलली होती... तेही सांगतो.

दुपारी एकला तिचा फोन वाजला. पुष्पांजलीचा नंबर होता. सहा दिवसांची बाळंतीण, छायाची तिच्याकडची भेट उद्या ठरलेली.

"हॅलो?"

कोणी बोललं नाही.

फक्त लेकरू रडत होतं... टाहो फोडून.

छाया तशीच उन्हात निघाली. त्या घरी शिव्या मिळणार हे तिला ठाऊक होतं. शिव्या तर आशांच्या पाचवीलाच पुजलेल्या.

पोचली, तर घरात सामसूम.

पाळणा हलत होता. रडणं नव्हतं.

"लय गुणी पोरगं हाय," आजी गोजरबाई कौतुकानं म्हणाली. "कालपासून रडलंच नाई."

छायानं पाळणा थांबवला. तिनं दुपटं बाजूला केलं. बाळ तळपायापर्यंत पिवळं.

"माय, हे कधीपासून?"

"हळद हाय वं ते. काल पाचवी केली. सटवाई येऊन कपाळी लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद, पेन ठेवला, पोराले हळद लावली."

छायानं फडकं ओलं करून बाळाचा पाय खसखसून पुसला.

फडकं पांढरंच राहिलं.

"आजी, ही हळद नाई. कावीळ हाय! हरिओमभाऊ, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या लागते."

"नाई जमत." बाळाचा बाप हरिओम दारात आडवा उभा राहिला.

माणूस वाईट नव्हे हो तो. दोन वर्षांपूर्वी त्याची पहिली पोरगी आठव्या दिवशी गेली. पाचवी पुजायची राहिली म्हणून देवी कोपली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"बारा दिवस पोरगं उंबऱ्याबाहेर नेत नाई, देवीची आण घेतली मी. आण मोडली अन् हेही गेलं तं?"

"अन् न नेता गेलं तं? लेकरू तुमचं हाय, पण जीव त्याचा हाय. कायद्यानं त्याले इलाजाचा हक्क हाय, भाऊ. नाई म्हणसान तर मले बालकल्याण समितीले फोन लावा लागते. पोलीसही येतीन."

"येऊ दे! देवापेक्षा तुहा कायदा मोठा झाला का?"

पुष्पांजली कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. छायानं तिला विचारलं, "तू फोन केला तवा तर रडत होतं ना हे?"

"मी?... माहा फोन तर चार दिवसांपासून यायनं पेटीत ठेवला. तुले फोन करीन म्हणून."

हरिओमनं तणतणत पेटी उघडून दाखवली. फोन आत होता.

बंद.

अन् तेवढ्यात... रडणं ऐकू आलं.

तोच टाहो.

पाळण्यातून नाही. उंबऱ्याच्या बाहेरून.

सगळ्यांनी ऐकलं. अंगणात उन्हाशिवाय काहीच नव्हतं.

गोजरबाई दाराशी आली. "हरी... हे आपल्या पहिलीचं रडणं हाय रे."

आवाज रस्त्याकडे सरकला. थांबला. पुन्हा सरकला... मागं कोणी येतं का ते बघावं तसा.

हरिओम पेटीपाशीच खाली बसला. पुष्पांजलीनं कोणालाच विचारलं नाही. बाळ छातीशी धरलं अन् उंबरा ओलांडला.

चार दिवस बाळ दवाखान्यात, कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली होतं. एक दिवस उशीर झाला असता तर हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. वाचलं बिचारं.

आता ते खोटं.

आशाला बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जावंच लागतं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या. त्या पहिल्या पोरीच्या वेळी तिसऱ्या दिवशीच घरच्यांनी छायाला हाकललं होतं. मग सातव्या दिवशी ती गेलीच नाही. कोण जातं पुन्हा शिव्या खायला? घरी बसूनच तिनं रजिस्टरात खूण केली. भेट दिली, बाळ ठीक.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी गेली.

हे छायानं कोणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर तिनं ते जुनं रजिस्टर शोधून काढलं. दोन वर्षं कपाटात बांधून ठेवलेलं. गाठ जशीच्या तशी होती.

पान उघडलं.

त्या खुणेवर... एक अंगठा उमटला होता. पिवळा. मसुराच्या दाण्याएवढा.

ओला.

हे ऐकून मीही हसलो होतो, खोटं कशाला सांगू. मागच्या आठवड्यात तिनं ते पान माझ्यापुढं धरलं. वर्ष होत आलं या गोष्टीला. मी बोट लावलं.

बोट पिवळं झालं.

तेव्हापासून साबण लावलाय, माती लावलीय. जात नाही.

छाया आता कोणाचीच सातव्या दिवसाची भेट चुकवत नाही. पण त्या दिवशी रजिस्टर मिटताना ती मला एवढंच म्हणाली,

"दादा, त्या पोरीची भेट राहिलीच ना... आता कोण्या घरी जाऊ मी?"